मडक्यातला बिब्बा

“कुणीतरी बिब्बा घातलाय! आणि ज्याने घातलाय तो आत्ता इथेच, या पारावर, साळसूद चेहरा करून बसलाय!”

फार वर्षांपूर्वी एका गावचा म्हातारा पाटील असा ओरडला, तेव्हा एकशेचाळीस घरांची एकशेचाळीस माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. पाटलापुढे पालथे मडके होते. मडक्यातून फडक्यावर सुपाऱ्यांचा ढीग सांडला होता, आणि त्या ढिगात एकच काळाकुट्ट बिब्बा होता.

तो घालणारा तिसऱ्या रांगेत बसला होता. तो गावचा सुतार. त्याने उजवी मूठ मांडीखाली दाबून धरली होती, आणि मुठीच्या आत काहीतरी भाजत होते.

ते गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. वरच्या ओढ्याला बांध घातलेला होता. बांधातून निघालेला पाट सगळ्या शिवारातून वळसे घेत पार खालच्या मळ्यांपर्यंत जाई. कुणाच्या शेताचे दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे, हे एकच माणूस ठरवी. त्याला पाटकरी म्हणत. त्याच्या हातात बाभळीची एक काठी असे. ती काठी समोरून येताना दिसली की पाटीलसुद्धा वाट सोडून उभा राही. पाटीलकी मोठी खरी, पण तहानलेल्या उसाला पाटीलकी पाजता येत नाही.

एवढ्या ताकदीच्या जागेवर माणूस नेमायचा, म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. ज्याचे नाव पुढे येईल त्याच्यासाठी पारावर मडके मांडायचे. मडक्याच्या तोंडावर फडके. दर घराने एक हात फडक्याखाली घालायचा. माणूस पसंत असेल तर सुपारी टाकायची, नसेल तर बिब्बा. एक जरी बिब्बा निघाला तरी ते नाव बाद. ही रीत होती गरिबासाठी. एखाद्या एकट्या विधवेचे पाणी ज्याने कधी तोडले असेल, त्याला तिच्या एका बिब्ब्याने अडवता यावे, म्हणून. तीन पिढ्या झाल्या, मडक्यात बिब्बा पडला नव्हता.

त्या वर्षी जुना पाटकरी थकला. त्याला पाटावरून चालवेना. पाटलाने विचारले, “बाबा, तुमच्या मागे कोण?”

सुतार तिथेच उभा होता. पाटाच्या वीसही दारांच्या फळ्या त्याने घडवल्या होत्या. अकरा वर्षे तो पाटकऱ्याच्या मागोमाग हिंडला होता. कोणते दार पावसाळ्यात फुगते, कोणते उन्हाने आखडते, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. बाबा आपलेच नाव घेणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. काठीला बसवायला त्याने शिसवीची एक सुंदर मूठसुद्धा घरी कोरून ठेवली होती. गुपचूप, माळ्यावर, जुन्या पोत्यात गुंडाळून.

पाटकरी म्हणाला, “कुंभाराच्या सुनेचं नाव घाला.”

सुताराला वाटले आपण चुकीचे ऐकले.

“दारं सगळे सांभाळतात,” पाटकरी सांगू लागला. “पण पाट फुटतो तो खेकड्यांच्या बिळांनी. ही पोरगी सहा वर्षं माती घेऊन पाटाकाठी हिंडतेय. बीळ दिसलं की बुजवते. कुणी सांगितलं नाही, कुणी कौतुक केलं नाही. शेवटच्या मळ्याला पाणी पोचतंय ते तिच्यामुळे.”

लोकांनी माना डोलावल्या. सुतारानेही डोलावली. पण घरी येऊन ताटावर बसला तर घास उतरेना.

बायको म्हणाली, “अहो, जेवताय की शितं मोजताय?”

“चिखल कालवणारीला काय कळतं पाटातलं?”

“काही कळत नसेल तर तुमच्या पोटात का दुखतंय? अडाण्याचा कुणी हेवा करतं होय?”

हे बोलणे त्याला कुऱ्हाडीसारखे लागले, कारण ते खरे होते. कुंभारीण कामाला कच्ची असती तर तो खुशाल हसला असता. तिचे काम चोख होते, आणि तेच त्याच्या डोळ्यांत सलत होते.

त्या दिवसापासून त्याचे कान शत्रू झाले. न्हावी डोई करता करता म्हणाला, “कुंभाराची सून म्हणजे सोनं हो!” सुताराला वस्तरा लागल्यासारखे झाले. खालच्या मळ्यातली म्हातारी म्हणाली, “तिच्या हाताला गुण आहे.” त्याने आपल्या हातांकडे पाहिले. रंधा ओढून ओढून बोटे वाकडी झाली होती. या बोटांना गुण नव्हता काय? कुणी तिला दोन शब्द चांगले बोलले की त्याला वाटे, ते दोन शब्द आपल्या घरातून चोरून नेले आहेत.

एके दिवशी कुंभारीण स्वतःच त्याच्या दारात आली. हातावरची माती अजून वाळलेली नव्हती.

“भावजी, नाव माझं घातलंय खरं, पण दारं तुमचीच आहेत. मला बिळं कळतात, दारं कळत नाहीत. तुम्ही पाठीशी राहणार असाल तरच मी काठीला हात लावीन.”

दुसऱ्या कुणाला हे बोलणे गोड लागले असते. सुताराला त्यात खिजवणे ऐकू आले. आता ही आपल्यावर मेहेरबानी करणार!

“आहे ना मी,” तो म्हणाला आणि रंधा जोरात ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी तो परटिणीकडे गेला. परटीण कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करी, म्हणून तिच्या ओट्यावर बिब्ब्यांनी भरलेली वाटी नेहमी असे.

“मावशी, एक बिब्बा दे. पायात काटा रुतलाय, चटका द्यायचाय.”

परटिणीने त्याच्या पायाकडे पाहिले, मग तोंडाकडे पाहिले आणि वाटी पुढे सरकवली. “जपून रे. नुसता धरला तर काही करत नाही. आवळला तर उततो, कातडं सोलून काढतो.”

पण मडक्याच्या दिवशी रांगेत उभे राहिल्यावर सुताराला आवळल्यावाचून राहवले नाही. पुढचा माणूस मागच्याला सांगत होता, “चांगली माणसं अशी सापडतात कुठं!” ते ऐकता ऐकता सुताराची मूठ घट्ट होत गेली, बिब्ब्यात नख रुतले आणि आतला काळा रस तळव्याला लागला. त्याने फडक्याखाली हात घातला आणि मूठ सोडली.

आणि म्हणून पाटील ओरडला होता.

कुंभारीण उठून उभी राहिली. ती रडली नाही. पदर सावरून म्हणाली, “ज्यांनी बिब्बा घातला, त्यांचं नाव मी विचारत नाही. पण माझं काय चुकलं तेवढं सांगावं. कुणाचं पाणी माझ्यामुळे अडलं असेल तर मी पाय धरीन.”

सुताराने मान खाली घातली. तळवा असा भाजत होता की जणू निखारा धरला आहे. पण खरे सांगायचे तर छातीत गार वाटत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचेच नाव पुढे आले. तो धुतलेले धोतर नेसून, हाताला चिंधी बांधून पारावर गेला. कुणी विचारले तर ‘पटाशी लागली’ म्हणाला. मडके पालथे झाले. सुपाऱ्या सांडल्या, आणि सुपाऱ्यांत तीन बिब्बे निघाले.

तीन!

“कुणी घातले?” सुतार ताडकन उभा राहून ओरडला. “माझा दोष काय? समोर येऊन सांगा ना!”

मागून कुणीतरी म्हणाले, “काल कुंभारीणही हेच विचारत होती.” आणि लोक हसले.

एकाने वाट पाडली की तिथून सगळी गुरे जातात. तीन पिढ्या ज्या मडक्यात काळा दाणा पडला नव्हता, त्यात आता रोज पडू लागले. तेल्याचा थोरला मुलगा हिशेबी आणि सरळ होता. त्याला चार बिब्बे पडले. शेजारच्या तिघांना त्याचा नवा बैल बघवत नव्हता, चौथ्याला त्याची बायको. गुराख्याला दोन पडले. पंतोजींनी निम्म्या गावाला अक्षरे शिकवली होती. त्यांना सात पडले, आणि ते घालणारे बहुतेक त्यांचे विद्यार्थीच असावेत. त्या आठवड्यात गावातल्या किती जणांच्या पायांत काटे रुतले याला गणती नाही. जो तो परटिणीच्या ओट्यावर!

शेवटी पाटील वैतागला. “आता उरलंय कोण?”

तेव्हा वाणी हळूच म्हणाला, “आमचा मेहुणा आहे.”

हा मेहुणा दोन वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून आला होता आणि पाहुणाच राहिला होता. कुणी काही म्हटले की तो “होय, होय” म्हणे. एक जण दिवस आहे म्हणाला, होय होय. दुसरा रात्र आहे म्हणाला, होय होय. गाव त्याला होयबा म्हणे. त्याला पोहता येत नव्हते, दार लावता येत नव्हते, आणि दुपारच्या झोपेतून उठवल्यावर आपण कोणत्या गावात आहोत हेही लगेच सांगता येत नव्हते.

मडके पालथे झाले. एकशेचाळीस सुपाऱ्या. बिब्बा एकही नाही!

यात नवल ते काय? कुंभारणीचा हेवा सुताराला होता, सुताराचा आणखी तिघांना होता. होयबाचा हेवा कुणाला असणार? हेवा करावा असे त्याच्याजवळ काही नव्हतेच. शिवाय प्रत्येक जण मनात म्हणत होता, बरे झाले, हा माझ्या मुठीत राहील. सुतारानेही सुपारीच टाकली. त्याला वाटले, याला काय कळतंय, विचारायला आपल्याच दारात येईल. लायक माणूस उभा राहिला तेव्हा गावाने भिंग घेऊन त्याचे दोष शोधले. होयबाला कुणी साधे एवढेही विचारले नाही की बाबा, पाट कुठून कुठे वाहतो?

होयबाने काठी घेतली. त्या काठीने तो कुत्री हाकलू लागला.

वरच्या मळेवाल्याने सांगितले, “आज माझं दार उघड.” होय होय. मधल्याने सांगितले, “आधी माझं.” होय होय. खालच्याने हात जोडले. होय होय. वीस दारे एकाच वेळी उघडली गेली. पाणी सगळीकडे निघाले आणि कुठेच पोचले नाही. वरच्या शेतांत चिखल, खालच्या शेतांत भेगा. मग ज्याच्याकडे सकाळची न्याहारी बरी असे त्याचे दार उघडे राहू लागले. सुताराकडे विचारायला तो एकदाही आला नाही. वाण्याकडे मात्र रोज जाई. राहायलाच तिथे होता.

कुंभारीण माती घेऊन पाटावर गेली, तर एकाने हटकले, “गावानं तुला नाकारलंय ना? मग तुझा हात पाटाला कशाला?” ती टोपली घेऊन परत फिरली. खेकड्यांना मात्र कुणी नाकारले नव्हते. ते बिळे करीत राहिले.

सुतार रोज पाटावरून जाई आणि आपल्या दारांचे हाल पाही. कुठे फळी उपसून टाकलेली, कुठे खाचेत दगड कोंबलेला. अकरा वर्षांची मेहनत! कुंभारीण काठी घेऊन फिरताना दिसली असती तर आपल्या जिवाचा जळफळाट झाला असता, हे त्याला ठाऊक होते. पण दारे तरी शाबूत राहिली असती. हा विचार आला की तळव्यावरचा काळा डाग खाजे.

चैत्रात एका दुपारी वाण्याने सांगितले, “माझी केळी सुकतायत. बांधाचं मोठं दार पुरतं उघड.” होय होय. सगळे पाणी एकदम पाटात लोटले. मधल्या वळणावर बिळांनी भुसभुशीत झालेला काठ खचला, तिथले दार उखडले गेले आणि उन्हाळाभर पुरायचे पाणी ओढ्याच्या वाटेने धो धो निघाले.

“पाट फुटला! पाट फुटला!”

लोक धावले आणि काठावर उभे राहून एकमेकांना दोष देऊ लागले. “होयबा कुठंय?” पाटील ओरडला. होयबा शेजारच्या गावाच्या वाटेने झपाझप चालला होता. “अरे, इकडे ये!” लोकांनी हाका मारल्या. “होय होय, आलोच!” म्हणत तो आणखी जोरात चालू लागला.

तेवढ्यात कुंभारीण आली. डोक्यावर मातीची टोपली, मागे सासरा दुसरी टोपली घेऊन. ती सरळ पाण्यात उतरली. “फळी पाहिजे! मागून फळी धरल्याशिवाय माती ठरणार नाही!”

सुतार क्षणभर थबकला. मग घरच्या दाराची फळी उचकटून घेऊन आला आणि तिच्या शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. पाण्याचा जोर असा होता की फळी छातीवर येत होती. त्याने दोन्ही तळवे पसरून ती रेटली. डाग झाकायला अजूनही बांधलेली हातावरची चिंधी सुटली आणि वाहून गेली.

कुंभारणीने पाहिले. उजव्या तळव्याच्या मधोमध काळा डाग, भोवती सोललेली कातडी. काय उतल्यावर असे होते, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होते. तिचा मातीचा हात मध्येच थांबला.

सुताराने डोळे मिटून घेतले. आता ही सगळ्या गावादेखत बोलणार.

“हात चुरचुरत असेल तर सोडा, भावजी,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी धरते.”

त्याने फळी सोडली नाही. दिवस कलेपर्यंत दोघे तिथेच होते. भगदाड बुजले. निम्मे पाणी गेले होते, निम्मे वाचले.

दुसऱ्या दिवशी सुतार पारावर गेला. कुणी बोलावले नव्हते. त्याने उजवा हात वर करून उघडला.

“पहिला बिब्बा माझा होता.”

पाटील म्हणाला, “बिब्ब्याला कारण लागतं. तिनं तुझं काय बिघडवलं होतं?”

“काही नाही. लोक तिला चांगली म्हणत होते, ते मला ऐकवत नव्हतं. एवढंच.”

“एवढंच?” तेली उसळला. “तुझ्या एवढ्याशा पोटदुखीपायी गावाचं निम्मं पाणी गेलं! आमची उन्हाळी पिकं गेली!”

“गेली,” सुतार म्हणाला. “काय शिक्षा द्यायची ती द्या. पण काठी तिला द्या.”

कुंभारीण उठली. “मला काठी द्यायची असेल तर मडक्यावरचं फडकं आधी काढा. मी ज्याला नको आहे, त्याने नको म्हणावं, आणि का ते तोंडावर सांगावं. मी ऐकून घेईन. दोष खरा असेल तर घरी जाईन.”

पाटलाने फडके काढले. एकेक जण उघड्या हाताने पुढे आला. सुपारी, सुपारी, सुपारी. उघड्या मडक्यात एकही बिब्बा पडला नाही.

सुताराने घरून पोत्यात गुंडाळलेली शिसवीची मूठ आणली आणि काठीला बसवून दिली. कुंभारणीच्या हातात ती काठी शोभली. लोक “वा! वा!” म्हणाले, तेव्हा सुताराच्या पोटात पुन्हा थोडे दुखलेच. अशी दुखणी एका दिवसात जात नाहीत. पण या वेळी त्याचा हात रिकामा होता आणि उघडा होता.

पाटलाने त्याला शिक्षा दिली ती अशी: वाहून गेलेले दार त्याने फुकट करून द्यायचे, आणि पाटावरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल अशा बेताने त्यावर या सगळ्याचे तात्पर्य कोरायचे. सुतार ओट्यावर बसून अक्षरे कोरत होता, तेव्हा कपड्यांचे गाठोडे घेऊन परटीण तिथून चालली होती. ती थांबली.

“काय रे कोरतोयस? मला वाचता येत नाही.”

सुताराने भुसा फुंकला आणि वाचून दाखवले, “‘तात्पर्य: हेव्यापोटी लायक माणसाला जो खाली ओढतो, तो नालायकाला आपल्याच डोक्यावर बसवतो.’”

परटिणीने गाठोडे एका खाकेतून दुसऱ्या खाकेत घेतले.

“कोर, कोर. खोल कोर. त्या आठवड्यात पायात काटा रुतला म्हणून सतरा जणांनी माझ्याकडून बिब्बे नेले. हात उघडलास तू एकट्यानं. बाकीचे सोळा, मी रोज बघते ना, साधे लंगडतसुद्धा नाहीत.”